हॅलोविन, टेरेस आणि वय वर्षे ३ ते ८२: गाणी कोणती लावू?

गोदातीरी | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. ३१ तारखेला, शुक्रवारी, टेरेसवर हॅलोविन करायचं पोरांनी ठरवलंय. (पोरांनी म्हणजे माझ्या धाकटीने, वय ९. बाकीच्या घरी फोन मी केले.) दिवाळी होऊन आठवडा झालेला असेल, त्यामुळे उरलेला चिवडा आणि शंकरपाळे संपवणे हा मोठ्यांचा छुपा कार्यक्रम. डांगर कोरायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतलंय आणि ते दुसऱ्या कुणाला सुरीला हात लावू देतील असं दिसत नाही. गाणी माझ्या गळ्यात, कारण काय तर "तुमच्याकडे मोठा स्पीकर आहे ना!"

अडचण पाहुण्यांची आहे. सगळ्यात लहान ३ वर्षांचा. सगळ्यात मोठे आमचे आप्पा, माझे सासरे, ८२ वर्षांचे, नोट प्रेसमधून रिटायर झालेले. मध्ये प्राथमिक शाळेतली दहा-बारा पोरं, पाच-सहा कॉलेजवाले (यांना कुठलंही गाणं २० सेकंदांच्या वर सोसत नाही), आम्ही चाळिशीतले आणि चार आज्या. आप्पांनी विचारलं, "भुतांचा कार्यक्रम आहे, तर भजनं कोण म्हणणार?" ते चेष्टा करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी एका वाढदिवसाला मी भुताटकीच्या गाण्यांची आयती यादी लावली होती. दार करकरलं, कुणीतरी किंचाळलं, मग लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज. चार मिनिटांत दोन पोरं आईच्या कडेवर आणि एक आजी "बंद कर गं ते मेलं" म्हणत माझ्या मागे. तेव्हा कृपया आयत्या याद्यांच्या लिंका देऊ नका. काय लावावं, कधी लावावं, काय लावूच नये, ते अनुभवाने सांगा.

तर्री_जास्त | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी माइकवर वाचा. सगळ्या वयांना सारखीच भीती वाटते.

डब्लिनकर | ११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मूळचा नाशिकरोडचा, सध्या आयर्लंडात. म्हणजे हा सण ज्या मातीतला, तिथे बसून लिहितोय. कापणी संपून थंडी सुरू व्हायची तो केल्टिक लोकांचा 'साउइन', आणि १ नोव्हेंबर हा चर्चचा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली रात्र हा हॅलोविन. पूर्वी इथे भोपळा नव्हताच, सलगम कोरायचे. मेयो काउंटीतल्या संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमाचा साचा ठेवलाय. तो पाहिल्यावर तुमच्या काकांचं डांगर गोंडस वाटेल.

गाण्यांकडे येतो. इथे ३१ ला पाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो. चिल्लीपिल्ली लगेच दारोदार फिरायला निघतात आणि आठाच्या आत घरी येतात. मोठ्यांचं काय ते त्यानंतर. सगळ्या वयांना एका वेळी खूश करायच्या फंदात कुणी पडत नाही. तुम्हीही संध्याकाळ कापून घ्या. कोणतं गाणं हा प्रश्न नंतरचा, त्या वेळी टेरेसवर कोण आहे ते आधी बघा.

इंग्रजी गाणी तीन-चारच पुरतात. 'मॉन्स्टर मॅश' हे १९६२ चं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. प्रयोगशाळेतला राक्षस उठतो आणि नाचायलाच लागतो, इतकीच गोष्ट. कुणी घाबरत नाही. 'घोस्टबस्टर्स' (१९८४) मध्ये गाणारा प्रश्न विचारतो आणि सगळ्यांनी ओरडून उत्तर द्यायचं. पोरांना एकदा सांगितलं की दुसऱ्या वेळी गच्ची दणाणते. 'थ्रिलर' लागणारच, पण त्याच्या शेवटी व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतल्या नटाचं बोलणं आणि ते हसू आहे, तिथे लहान पोरं रडतात. आमच्याकडे दरवर्षी एक तरी रडतं. हसू यायच्या आधी आवाज हळूहळू उतरवा.

गोदातीरी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

संध्याकाळ कापून घ्यायची कल्पना आवडली. सलगमाचा फोटो शोधून काकांना पाठवला. ते दुखावले आहेत.

सडेतोड_नाशिककर | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:११

दिवाळी झाली की आठ दिवसांत परक्यांची भुतं नाचवायची. आपल्याकडे काय कमी आहे? उद्या पोरं विचारतील, तुळशीचं लग्न म्हणजे काय.

चकली_मोडली | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

@सडेतोड, तुळशीचं लग्न ३१ नंतरच्या रविवारी आमच्याकडे आहे आणि पोरं त्यालाही येतात, कारण त्यालाही खायला मिळतं. बाकी, ३१ ची तिथी बघा जरा. त्या दिवशी सकाळी कार्तिक शुद्ध नवमी आहे, कूष्मांड नवमी. कोहळा दान द्यायचा दिवस! सकाळी कोहळा द्या, संध्याकाळी डांगर कोरा. असा योग पुन्हा लवकर येणार नाही.

खडू_फळा | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

सोंगं घेऊन फिरणं नाशिकला नवीन कधीपासून झालं? धुळवडीला दाजीबा वीराची मिरवणूक निघते, तेव्हा गोदाकाठी पोरं शंकर, राम बनून फिरतात. माझं माहेर सुरगाण्याकडचं. आमच्याकडच्या बोहाड्यात रात्रभर लाकडी मुखवटे नाचतात, संबळाच्या ठेक्यावर. एकेक मुखवटा पेलायला तरणा गडी लागतो. लहानपणी मला त्यातल्या सोंगांपेक्षा संबळाची भीती वाटायची. सोंग यायच्या आधी ठेका बदलायचा, आणि तो बदलला की आम्ही आजीच्या लुगड्यात तोंड लपवायचो. सोंग बघायचं राहूनच जायचं.

गोदातीरी, हे अवांतर नाही हं. पुढे गाण्यांबद्दल लिहिते, आत्ता डबे भरायचेत.

संपादक | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:००

सण आपला की परका यावर हवा तर वेगळा धागा काढावा. इथे संगीतावर बोलूया.

तीव्र_मध्यम | १२ ऑक्टोबर, दुपारी २:५०

गंगापूर रोडला पेटी शिकवते. भीती सुरांत कुठे असते ते आधी बघूया, यादी मग आपोआप होईल.

घरात पेटी असेल तर सा धरा. त्याच्याबरोबर कोमल रे (सा च्या लगेच वरचा सूर) दाबा. भातात खडा आल्यासारखं वाटतं ना? आता कोमल रे सोडा आणि सा बरोबर तीव्र मध्यम (शुद्ध म च्या लगेच वरचा) दाबा. हे निराळं आहे. बोचत नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळत नाही. अंधारात जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि अजून एक असावी, तसं. माझं इथलं नाव त्यावरूनच.

युरोपातल्या लोकांनीही हेच दोन सूर पकडले. फ्रान्सच्या सँ-साँस यांची 'दांस माकाब्र' ही १८७४ ची रचना, म्हणजे मृत्यूचा नाच. त्यात व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा सूर उतरवून लावायची असते. मग वरच्या दोन तारा मोकळ्या वाजवल्या की नेमकं सा आणि तीव्र म इतकं अंतर मिळतं. तार 'चुकीची' लावून घेतलेलं हे व्हायोलिन मृत्यू वाजवतोय अशी कल्पना आहे. सुरुवातीला हार्पवर बाराचे १२ टोले. हाडं खुळखुळतात ती झायलोफोनवर. शेवटी ओबोवर (सनईसारखं वाद्य) कोंबडा आरवतो आणि सगळी भुतं पळतात. साधारण ७ मिनिटांत पूर्ण गोष्ट, आणि शब्द नसल्यामुळे कुणाला अर्थ समजावून द्यायला नको. पोरांना आधी एवढंच सांगा: टोले मोजा आणि कोंबडा ओळखा. ओबोचा कोंबडा आला की माझ्या विद्यार्थ्यांत हाणामारी होते, आधी कुणी ओळखला म्हणून.

आता आपल्याकडचं. तुमच्याकडे पाहुणे येतील सहाच्या सुमारास, सूर्य मावळताना. त्या वेळेचा राग मारवा. पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि गाणारा षड्जावर (सा वर) बराच वेळ टेकतच नाही. ऐकणाऱ्याच्या पोटात उगाच कालवतं. सतारीवरचा किंवा बासरीवरचा मारवा अगदी हळू आवाजात लावून ठेवा. काय वाजतंय हे कुणी विचारणार नाही, पण सगळे जरा हळू बोलायला लागतील. किंचाळ्यांच्या यादीपेक्षा हे जास्त काम करतं, आणि तीन वर्षांचं पोर शांतपणे चकली खात बसतं.

आप्पांसाठी: रात्री उशिरा एकट्याने मालकंस गाऊ नये, भुतं ऐकायला येऊन बसतात, असा गवयांमध्ये जुना समज आहे. माझ्या गुरुजींनीही सांगितला होता, आणि वर म्हणाले होते, "येऊ देत, तेवढेच श्रोते." 'बैजू बावरा'तलं (१९५२) 'मन तडपत' मालकंसातलंच आहे. भजन आणि भूत दोन्ही एका गाण्यात उरकेल.

तर्री_जास्त | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

"तेवढेच श्रोते" हे वाक्य मी आमच्या कविमंडळात वापरणार. ताई, साष्टांग.

चिमणीची_आई | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

माझ्या मुलीला आवाज सहन होत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी कान झाकते. अशा घरातून कुणी येणार असेल तर तीन गोष्टी सांगते.

एकदम मोठा होणारा आवाज कुठेच नको. 'भॉक' वगैरे तर नाहीच. मोठ्या आवाजाला ती हळूहळू सरावते, अचानक आवाजाला सरावत नाही.

टेरेसला लागून कुणाचं तरी घर उघडं ठेवा, जिथे स्पीकर ऐकू येत नाही. तिथे आमची चिमणी दहा मिनिटं बसते आणि आपणहून परत येते. "काय झालं, घाबरली का?" असं कुणी विचारू नये, एवढीच विनंती.

आणि काय लागणार ते आधी कळवा. आम्ही गाणी घरी दोन-चार दिवस आधी ऐकवतो. ओळखीचं झालं की भीती जाते. गेल्या वर्षी एका ठिकाणी 'थ्रिलर' लागलं तेव्हा बाकीची पोरं बिचकली आणि ही एकटी नाचत होती, कारण आठवडाभर आमच्याकडे तेच चाललं होतं.

डब्लिनकर | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

@चिमणीची_आई, हे मला कधी सुचलंच नाही. आभार.

रात्रपाळी | १३ ऑक्टोबर, पहाटे ४:२०

सिडकोत साउंड भाड्याने देतो. लग्न, हळद, गणपती, सगळं. गाण्यातलं कळत नाही, बॉक्समधलं कळतं.

१) टेरेसवर आवाज वरून चारी बाजूंना पसरतो. तुम्हाला कमी वाटतो आणि पलीकडच्या बिल्डिंगला जास्त लागतो. बॉक्सचं तोंड पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे किंवा जिन्याच्या खोलीकडे करा.

२) दहाला बंद म्हणजे बंद. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर चालत नाही, २००० सालापासूनचा नियम आहे. राहत्या भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. साध्या गप्पाच ६० च्या आसपास जातात, यावरून समजून घ्या. आजूबाजूच्या दोन सोसायट्यांना आधी सांगून या, जाताना चिवडा न्या. मी वीस वर्षं हेच करतोय. चिवडा पोचलेल्या बिल्डिंगमधून तक्रार येत नाही.

३) एक मोठा बॉक्स दणाणून लावण्यापेक्षा दोन छोटे लावा, हळू. आज्यांना बेस सोसत नाही, छातीत धडधडतं. कानाला मशीन असेल तर आणखी वाईट, कारण मशीन ते सगळं मोठं करून देतं. बेस उतरवा, आज्या दोन तास जास्त बसतात.

४) गाणी फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. एका हळदीत नवरी स्टेजवर चढत होती आणि बॉक्समधून नवऱ्या मुलाच्या मित्राचा फोन वाजला. पुढचं सांगत नाही.

गोदातीरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

@रात्रपाळी दादा, पहाटे ४:२० ला एवढं लिहिलंत, खरंच आभार. झोपा आता.

खडू_फळा | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

काल अर्धं राहिलं होतं. दुसरी-तिसरीच्या पोरांबरोबर मी एक खेळ खेळते, तो तुमच्या टेरेसवर चालेल.

नॉर्वेच्या ग्रीगची 'पर्वतराजाच्या दालनात' ही धून आहे, 'पेअर गिंट' या नाटकासाठी केलेली, १८७५ ची. जेमतेम अडीच मिनिटं. नायक डोंगरातल्या राक्षसांच्या राजाच्या दरबारात शिरतो तो प्रसंग. सुरुवात अगदी दबक्या पावलांनी होते, खालच्या सुरांत, जणू कुणी चवड्यांवर चालतंय. एकच चाल परत परत येते, प्रत्येक वेळी थोडी जलद आणि थोडी मोठी, आणि शेवटी नुसता गोंधळ. माझ्या लहानपणीच्या संबळासारखंच, काय येणार ते ठेका आधीच सांगतो.

खेळ असा: पोरं एका टोकाला, 'राक्षस' दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा. धून हळू असेतो चवड्यांवर चालायचं. जलद झाली की पावलं जलद. मध्येच राक्षस वळला की सगळे पुतळे. शेवटच्या दणक्याला पळत परत. तीन वर्षांचं पोर सुरुवातीच्या भागात खूश असतं, दहा वर्षांचं शेवटच्या भागात, आणि राक्षस म्हणून हमखास कुणाचे तरी बाबा लागतात, तेवढाच त्यांना व्यायाम.

शेवटचे दणके सोडले तर इथे अचानक काही होत नाही हे चिमणीच्या आईंनी लक्षात घ्यावं. आवाज चढतो, पण पायरीपायरीने.

बॅकबेंचर_०७ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काकू लोकांनो, कॉलेजवाल्यांचं कोण बघणार? आम्हाला 'स्त्री २' मधलं 'आज की रात' पाहिजे. 'भूल भुलैया'चं टायटल पाहिजे. मारव्यावर रील बनत नाही.

चकली_मोडली | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५२

'भूल भुलैया' घ्या की, २००७ पासून प्रत्येक स्नेहसंमेलनात सहन करतोय. 'आज की रात' मात्र पहिलीच्या पोरी कमरेवर हात ठेवून म्हणतात तेव्हा मला खाली बघावं लागतं. सिनेमा भुताचा आहे म्हणून गाणं भुताचं होत नाही.

बॅकबेंचर_०७ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५८

मग तुम्हीच सांगा, भुताच्या सिनेमातलं नाचायचं गाणं.

डब्लिनकर | १४ ऑक्टोबर, रात्री १:४०

'जान पहचान हो'. 'गुमनाम', १९६५, रफी. खुनांच्या सिनेमात उगाचच आलेला नाच, आणि काय नाच! २००१ च्या 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या गाण्याने होते, त्यामुळे इथले गोरे मित्रही ओळखतात. आज्यांना माहीत, आम्हाला माहीत. बॅकबेंचर, तू आधी एकदा बघ आणि मग २० सेकंदांचं बोल.

बॅकबेंचर_०७ | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

बघितलं. चार वेळा. डोळ्यांवरचे मुखवटे घरी करता येतील का?

गोदातीरी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

आज आप्पांना सगळा धागा वाचून दाखवला. मालकंसाचं ऐकून खूश झाले. मग म्हणाले, लिही. ते सांगतात तसं लिहिते:

"भुताचं गाणं एकच, 'आएगा आनेवाला'. सिनेमा 'महल', १९४९. संगीत खेमचंद प्रकाश. आधी रेकॉर्डवर गाणारीचं नाव नव्हतंच, 'कामिनी' असं लिहिलेलं. कामिनी म्हणजे सिनेमातली मधुबाला. लोकांनी रेडिओला विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव कळलं. गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. मी हे आमच्या थोरल्या भावाच्या रेडिओवर रात्री ऐकलं होतं, वाड्यात. गाणं संपलं तरी माडीवर जायची हिंमत झाली नाही. भाऊ मात्र माडीवर गेला, आणि वरून तो गुणगुणायला लागला."

पुढे काही सांगितलं नाही, झोपायला गेले.

त्यावरून मला सुचलं: रात्रपाळी दादांनी दोन छोटे स्पीकर सांगितलेत. सुरुवात जिन्यातल्या स्पीकरवर आणि मग टेरेसवरच्या, असं करता येईल का?

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, पहाटे ३:५०

येईल. दोन्ही स्पीकर मिक्सरला जोडा आणि एक बटण खाली, एक वर, हळूहळू सरकवा. वायरच लावा, ब्लूटूथ नको. आवाज मागेपुढे होतो.

तीव्र_मध्यम | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

आप्पांना नमस्कार सांगा. त्याच रांगेत 'कहीं दीप जले कहीं दिल' ठेवा, 'बीस साल बाद', हेमंतकुमार. तेही १९६२ चं, म्हणजे डब्लिनकरांच्या राक्षसाच्या वर्षीचं. एकाच वर्षी तिकडे भूत नाचत होतं आणि इकडे गात होतं. मराठीत 'रात्रीस खेळ चाले', 'हा खेळ सावल्यांचा'मधलं, सुधीर मोघे आणि हृदयनाथ. आज्यांना सिनेमा आठवेल आणि पोरांना त्या नावाची मालिका. दोघंही आपापल्या कारणाने घाबरतील.

अशी गाणी मोठ्यांनी म्हणायची, लावायची नाहीत. भुताटकीच्या गाण्यांच्या भेंड्या लावा. मात्र अर्ध्या तासात आवरा. आज्या एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत, मी त्यातलीच आहे.

शेवट भैरवीने करा. कोणतीही चालेल. लोकांना आपोआप कळतं की आता चपला शोधायच्या.

तर्री_जास्त | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

तात्या विंचू राहिला. १९९३ पासून महाराष्ट्रातल्या बाहुल्यांवर माझा विश्वास नाही.

---

गोदातीरी | २ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा आहे. तुळशीच्या लग्नाची तयारी चालू आहे, मध्ये वेळ काढून लिहिते.

सहाला मारवा लावला, सतारीवरचा. ताई म्हणाल्या तसंच झालं, येणारा प्रत्येक जण टेरेसच्या दारात जरा थबकत होता. पहिल्या मजल्यावरच्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "कुणाचं काही वाईट झालंय का?" त्यांना सोंगाचा कार्यक्रम आहे हे पटवायला पाच मिनिटं गेली. पुढच्या वेळी थोडा कमी वेळ लावेन.

ग्रीगचा खेळ एकदा खेळायचा होता, सात वेळा झाला. राक्षस बदलत गेले. शेवटचे दोन राक्षस डांगरवाले काका होते, आणि ते वळून बघायच्या आधी खाकरायचे, त्यामुळे पोरं आधीच पुतळे. चिमणीच्या आईंचं ऐकून सगळी गाणी आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा एरवी कुठल्याच कार्यक्रमाला येत नाही, तो सगळा वेळ होता. एकदाच आमच्या घरात जाऊन बसला आणि फ्रीजमधलं श्रीखंड संपवून परत आला.

'दांस माकाब्र' फसलं. दोष माझा. टोले मोजायला सांगायचं विसरले आणि थेट लावलं. तीन मिनिटांत पोरं पाण्याच्या टाकीमागे. कोंबडा आरवला तेव्हा तिथे फक्त मी आणि एक आजी होतो. आजी म्हणाल्या, "कोंबडा ना गं हा?" म्हणजे एकीला तरी ओळखू आला.

'थ्रिलर'चं शेवटचं हसू कापायचं ठरवलं होतं आणि नेमकी मी तेव्हा भेळेच्या काउंटरवर. तीन वर्षांचा रडला नाही. त्याने तसंच हसून दाखवलं. रडली त्याची १४ वर्षांची ताई, ते हसू ऐकून.

बॅकबेंचरसाठी: आमच्या कॉलेजवाल्यांनी 'जान पहचान हो'वर नाच बसवला होता, पुठ्ठ्याचे मुखवटे लावून. चार आज्यांपैकी दोघी उठल्या. एकीचा गुडघा बदललेला आहे, पण खांदे छान हलतात.

भेंड्या अर्ध्या तासात आवरल्या नाहीत. पाऊण तास.

आता आप्पांचं गाणं. दोन स्पीकर, मिक्सर, वायर, सगळं दादांनी सांगितल्याप्रमाणे. पण फोन विमान मोडवर टाकला आणि लक्षात आलं की नेमकं हेच गाणं उतरवायचं राहिलंय. मग नेट चालू केलं आणि फुकटच्या ॲपवरून लावलं. टेरेसवरचे दिवे बंद, फक्त डांगरातली मेणबत्ती. जिन्यातून घड्याळाचे टोले, मग ते सुरुवातीचे शब्द, सगळे गप्प. एका आजीने माझा हात धरला. आणि जिन्यातून भरदार आवाजात एक बाई म्हणाल्या, "कपड्यांवरचे हट्टी डाग आता विसरा!"

टेरेस हसून लोळली. आप्पा सोडून. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "परत लाव. पहिल्यापासून." परत लावलं. या वेळी जाहिरात आली नाही. गाणं टेरेसवर पोचेपर्यंत कुणी चिवडासुद्धा चावत नव्हतं. मी आप्पांना विचारलं, त्या रात्री भाऊ माडीवर गुणगुणत होता, मग तुम्ही वर गेलात का? म्हणाले, "भाऊ कधीच खाली आला होता. माझ्या मागे उभा होता."

रात्री ९:५० ला भैरवी. दहाला वायरी गुंडाळल्या. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांना चिवडा आधीच पोचला होता, तक्रार नाही. उलट एकीकडून निरोप आला की पुढच्या वर्षी आम्हालाही बोलवा.

तीव्र_मध्यम | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

मारव्याबद्दल काकूंची माफी मागते. आप्पांच्या शेवटच्या वाक्याने भरदुपारी अंगावर काटा आला, आता आज पेटीची खोली मी एकटी उघडणार नाही.

चिमणीची_आई | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

श्रीखंडवाल्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

बॅकबेंचर_०७ | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४५

नाचाचा व्हिडिओ टाका ना. आज्यांच्या परवानगीने.

चकली_मोडली | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे. पण त्याच दिवशी सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला. तारीख आधी-नंतर करा, गावात शिरता येणार नाही.

रात्रपाळी | ३ नोव्हेंबर, पहाटे ४:०५

बरोबर. त्या आठवड्यात माझे बॉक्स सोसायट्यांना मिळणार नाहीत. दोन छोटे तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. आप्पांचं गाणं आधी उतरवून घ्या फक्त.